सावजी शोधणारा प्रत्येक जण मसाला शोधत नसतो

आमच्या घरी सावजी मसाला, म्हणजे सावजी समाजाच्या झणझणीत रश्श्याचा मसाला, पिढीजात आहे; त्याची विक्री मात्र अलीकडची. नागपुरातल्या पाचपावलीच्या घरात सासऱ्यांचा हातमाग होता. तो बंद पडल्यावर सासूबाईंनी ओळखीच्या दोन खाणावळींना मसाला कांडून द्यायला सुरुवात केली, पुढे इतवारीतले काही दुकानदार पाकिटे ठेवू लागले, आणि टाळेबंदीच्या काळात पुण्या-मुंबईला असलेल्या नागपूरकरांचे फोन फार वाढले, तेव्हा २०२१ मध्ये मी संकेतस्थळ काढले. त्या कामात सांगण्यासारखे फारसे नाही. तयार साचा घेतला, पैसे भरण्याची सोय जोडली, कुरिअरशी दर ठरवले आणि जीएसटीची नोंदणी केली, कारण परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी ती नोंदणी लागतेच. सांगण्यासारखे आहे ते त्यानंतरचे, म्हणजे गुगलवरच्या जाहिरातींत पैसे घालायला लागल्यापासूनचे.

२०२२ च्या सप्टेंबरात, दसरा-दिवाळी समोर ठेवून, मी हे काम एका लहान एजन्सीकडे दिले. दिवसाला ३०० रुपयांची मर्यादा ठरली. पहिल्याच आठवड्यात एका दिवशी ५४० रुपये खर्च झालेले दिसले, म्हणून मी घाबरून फोन केला, तेव्हा कळले की दिवसाची मर्यादा ही सरासरी असते. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याचा एकूण खर्च त्या मर्यादेच्या ३०.४ पटीवर जात नाही. आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीत १,००० रुपये भरले की १८ टक्के जीएसटी वजा होऊन जाहिरातीसाठी सुमारे ८४७ रुपयेच उरतात, हेही तेव्हाच समजले. मी सासूबाईंना हे सगळे समजावून सांगत होते, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे लोकायनं नुसतं बोट लावलं तरी पैसे आपलेच जातेत?" होय, असेच असते, असे मी म्हटले खरे, पण ते बोट लावणारे लोक कोण, हा पुढचा प्रश्न मला स्वतःहून सुचला नाही.

महिन्याच्या शेवटी एजन्सीचा अहवाल आला. रंगीत आलेख होते, जाहिरात किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केले, सगळ्या रेषा वर चढणाऱ्या होत्या, आणि 'कन्व्हर्जन', म्हणजे क्लिकनंतर झालेली, आपण यश मानतो ती कृती, या रकान्यात १४३ हा आकडा होता. माझ्या वहीत त्या महिन्यात संकेतस्थळावरून आलेल्या ऑर्डरी ३१ होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जुन्या गिऱ्हाइकांच्या होत्या. दोन आठवडे विचारल्यावर उत्तर मिळाले की, पाकीट 'कार्ट'मध्ये टाकणे हेसुद्धा कन्व्हर्जन म्हणून मोजले जाते. म्हणजे दुकानात येऊन पाकीट हातात घेतलेल्या आणि परत ठेवून गेलेल्या माणसालाही गिऱ्हाईक म्हणून मोजले होते. यात नुसती दिशाभूल होती असे नाही. एका क्लिकसाठी किती पैसे मोजायचे ती बोली ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा आपण ज्याला यश म्हणतो तेच शिकत जाते, आणि आमची यंत्रणा महिनाभर, आमच्याच पैशाने, पाकिटे हाताळून निघून जाणारी माणसे शोधायला शिकली होती.

मी काम काढून घेतले. त्यातही एक अडचण निघाली, कारण जाहिरातीचे खाते एजन्सीच्या ईमेलवर उघडलेले होते आणि ते देण्याची त्यांची तयारी नव्हती. शेवटी नवे खाते माझ्या नावाने उघडले. जुन्या महिन्याभराची माहिती तिकडेच राहिली. तिचे मला आता दुःख नाही, कारण ती माहिती कशाची होती हे पुढे समजलेच. पण कोणी विचारले तर मी आजही आधी खात्याची मालकी कोणाच्या ईमेलवर आहे ते बघायला सांगते.

नवे खाते स्वतः चालवायला घेतल्यावर पहिले काही दिवस मी काहीच बदलले नाही आणि 'सर्च टर्म्स' नावाचा अहवाल तेवढा रोज उघडून वाचला. आपण ज्यावर बोली लावतो तो कीवर्ड वेगळा आणि माणसाने शोधताना प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द वेगळे, हा फरक मला त्या अहवालाने शिकवला. फार थोड्या वेळा शोधले गेलेले शब्द तो दाखवत नाही, त्यामुळे खर्चाचा काही भाग कोणत्याच शब्दासमोर दिसत नाही. पण जे दिसले तेवढ्याने माझी झोप उडाली.

मी 'सावजी' हा एकच शब्द ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे त्याच्याशी संबंधित कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू शकेल असा, ठेवला होता. आमच्या दृष्टीने या शब्दाचा एकच अर्थ होतो. गुगलवर शोधणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे निदान चार अर्थ होते. सर्वांत मोठा गट पाककृती शोधणाऱ्यांचा होता: सावजी मटण कसे करायचे, सावजी चिकन रेसिपी, हिंदीतून 'बनाने की विधि'. दुसरा गट भुकेल्यांचा, म्हणजे जवळपासचे सावजी भोजनालय, रात्री उशिरा उघडे असलेले सावजी हॉटेल शोधणाऱ्यांचा. हे नागपूरचे लोक होते. तिसरा गटही भुकेल्यांचाच, पण हुबळी, धारवाड आणि गदगच्या लोकांचा होता, आणि तो पाहून मी चक्रावले. कर्नाटकाच्या त्या भागातही सावजी समाज आहे आणि तिथल्या त्यांच्या मांसाहारी खाणावळी याच नावाने प्रसिद्ध आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते. हुबळीत जेवायला निघालेल्या माणसाला मी पाचपावलीचा मसाला दाखवत होते आणि तो कुतूहलाने त्यावर बोट ठेवून जात होता. चौथा गट दिवाळीच्या तोंडावर उगवला. सुरतचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया दिवाळीला कर्मचाऱ्यांना मोटारी भेट देण्यासाठी ओळखले जातात. त्यांची बातमी शोधणाऱ्यांपैकी काही जण आमच्या जाहिरातीवरून आमच्या तिखटापर्यंत पोहोचले होते. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या. मी हिशेब करत होते.

त्यात रोमन लिपीचा घोळ होता. नागपुरातला माणूस सावजी लिहिताना बहुधा मधे 'ओ' घालतो, बाहेरचा 'व्ही' घालतो, काही जण 'यू' घालतात. 'व्ही'वाल्या शोधांत कर्नाटक आणि सुरत अधिक येते आणि 'ओ'वाल्या शोधांत विदर्भाची माणसे अधिक, हे मला दोन महिन्यांच्या नोंदी हाताने वेगळ्या काढल्यावर दिसले. कोणत्याही तयार अहवालात ही गोष्ट मला मिळाली नसती, कारण यंत्रणेच्या लेखी ती एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे आहेत.

मग सुधारणा सुरू झाली. ब्रॉड मॅच काढून 'सावजी मसाला', 'सावजी मटण मसाला', 'नागपुरी काळा मसाला' असे शब्दगट फ्रेज मॅचमध्ये (शोधात तो अर्थ असेल तरच जाहिरात) आणि त्यांतले जे विकत होते ते एक्झॅक्ट मॅचमध्ये (नेमका तोच अर्थ असेल तरच) घेतले. त्याहून मोठे काम निगेटिव्ह कीवर्डचे होते, म्हणजे कोणता शब्द शोधात आला तर आपली जाहिरात दाखवायची नाही ते सांगण्याचे. इथे एक गोष्ट उशिरा कळली: साधा कीवर्ड जवळपासच्या अर्थालाही जुळतो, पण निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द ओळखत नाही. 'रेसिपी' अडवले म्हणून 'विधि' अडत नाही, 'कृती' अडत नाही, 'कसा बनवायचा' अडत नाही. प्रत्येक शब्द, प्रत्येक भाषेतला, वेगळा लिहावा लागतो. स्पेलिंगच्या चुकासुद्धा तेव्हा एकेक घालाव्या लागत. २०२४ पासून त्या आपोआप धरल्या जाऊ लागल्या, तोवर माझ्या यादीत 'हॉटेल' या एका शब्दाची सहा रूपे जमली होती. यादी आज साडेतीनशेच्या आसपास आहे. ती मी कोणालाही उसनी देत नाही. सासूबाई मसाल्याचे माप देत नाहीत, तसेच हे.

शोधाच्या मोहिमेत 'डिस्प्ले नेटवर्क'च्या, म्हणजे इतर संकेतस्थळांवर आणि ॲपमध्येही जाहिरात दाखवण्याच्या, चौकटीतली खूण मी काढली नव्हती आणि त्यामुळे काही क्लिक मोबाइलवरच्या लहान मुलांच्या खेळांतून येत होते, हा माझाच निष्काळजीपणा. खूण काढली, प्रश्न मिटला. ठिकाणाच्या निवडीतही असेच झाले. शहरात त्याच दिवशी घरपोच देण्यासाठी मी फक्त नागपूरची वेगळी मोहीम काढली होती, पण त्या ठिकाणी 'असलेले किंवा त्यात रस असलेले' असे दोन्ही लोक निवडलेले राहिले, त्यामुळे ताडोब्याला जाण्यापूर्वी नागपूरविषयी शोधणारे दिल्लीकरही तिच्यात आले. आता तिथे फक्त प्रत्यक्ष शहरात असलेल्यांचा पर्याय आहे.

एवढे झाल्यावर मला वाटले की आता आकडे सरळ होतील. क्लिकचे झाले, पण क्लिक करून आलेला माणूस पुढे काय करतो हे सांगणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सकडे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. १ जुलै २०२३ पासून जुन्या ॲनालिटिक्समध्ये नव्या नोंदी घेणे थांबले आणि सगळ्यांनाच नव्या आवृत्तीवर जावे लागले; त्या निमित्ताने मी मांडणी पहिल्यापासून केली, आणि एकेक गोष्ट उघडी पडत गेली.

आमच्या अहवालानुसार सर्वाधिक विक्री मिळवून देणारा स्रोत ना गुगलची जाहिरात होती, ना इन्स्टाग्राम, तर ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे संकेतस्थळ होते. मला हे वाचून आधी आनंदच झाला होता, की गेटवेवाले आपल्याला गिऱ्हाइके पाठवतात. प्रत्यक्षात घडत होते ते असे: गिऱ्हाईक जाहिरातीवरून आमच्याकडे येई, पैसे भरायला गेटवेच्या पानावर जाई, यूपीआयने पैसे देऊन परत येई, आणि परत येताना ॲनालिटिक्स त्याला तिकडून आलेला नवा पाहुणा समजून ऑर्डरीचे श्रेय गेटवेला देई. नको असलेल्या संदर्भस्थळांच्या यादीत ते नाव घातल्याबरोबर ते श्रेय जिथले तिथे गेले. तोवर मी ज्या दोन कीवर्डांना निरुपयोगी ठरवून बंद केले होते, त्यांतला एक चांगला चालणारा होता, हे कळल्यावर मात्र स्वतःचाच राग आला.

आणखीही होते. ॲनालिटिक्सच्या मांडणीतली वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची राहिली होती, त्यामुळे रविवारी सकाळी ११ वाजता, मटण आणून झाल्यावर मसाला संपल्याचे लक्षात येऊन दिलेली ऑर्डर अहवालात शनिवारी रात्री साडेदहाला दिसे, आणि मी शनिवार रात्रीचे बजेट वाढवत बसले होते. घरातलेच चार मोबाइल आणि पाकिटे भरणाऱ्या दोन बायांचे मोबाइल दिवसातून कितीदा संकेतस्थळ उघडत, तेही पाहुणे म्हणून मोजले जात. ते वगळण्याची चाळणी मी लावली, पण ती सुरुवातीला 'टेस्टिंग' अवस्थेत असते आणि स्वतः चालू करावी लागते, हे ध्यानात यायला पुढचे तीन आठवडे गेले. धन्यवादाचे पान गिऱ्हाइकाने पुन्हा उघडले की विक्री दोनदा नोंदली जाई. प्रत्येक नोंदीबरोबर ऑर्डर क्रमांक पाठवायला लागल्यावर ते थांबले.

यानंतर मी पैशाचा हिशेब मांडला, जो खरे तर सर्वांत आधी मांडायला हवा होता. २५० ग्रॅमचे पाकीट २६० रुपयांना. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा जाता २४७ रुपये आणि काही पैसे हाती येतात. भिवापुरी मिरची, धने, दगडफूल, खसखस आणि बाकीचा कच्चा माल कांडपासह १०५, पाकीट आणि खोका १८, कुरिअर ५५, गेटवेचे ६. उरतात ६३-६४ रुपये. एका क्लिकला सरासरी ६ रुपये पडत आणि ३० क्लिकमागे एक ऑर्डर येई, म्हणजे एका ऑर्डरीची जाहिरात १८० रुपयांना. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे आम्ही शंभरावर रुपये पदरचे घालत होतो आणि ऑर्डरी वाढल्या म्हणून पेढे वाटत होतो. मटण, चिकन आणि पाटवडी रस्सा अशा तीन पाकिटांचा ७२० रुपयांचा संच काढला, तेव्हा गणित बदलले: जीएसटी वजा जाता ६८५, खर्च ४४५, उरतात २४०, जाहिरातीचे १८० गेले तरी ६० राहतात. जाहिरात तीच, क्लिक तेवढेच. फक्त ती आता एका पाकिटाच्या पानावर न नेता संचाच्या पानावर नेते. तरीही हे साठ रुपये कागदावरचे होते, हे लवकरच कळणार होते.

कुरिअरच्या भाषेत आरटीओ म्हणजे परत आलेले पार्सल. नागपुरात आरटीओ म्हटले की गाडीचे पासिंग आठवते, त्यामुळे पहिल्यांदा कुरिअरवाल्या मुलाने "मॅडम, तुमचे नऊ आरटीओ आहेत" म्हटले तेव्हा मला काही उमगले नव्हते. घरपोच पैसे देण्याच्या (कॅश ऑन डिलिव्हरी) ऑर्डरींतले काही गिऱ्हाईक दार उघडत नाही, काही नको म्हणते, आणि पार्सल जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे आमच्याकडून घेऊन दोन-तीन आठवड्यांनी परत येते. ॲनालिटिक्सला याची गंधवार्ता नसते. त्याच्या दृष्टीने ऑर्डर झाली तेव्हाच विक्री झाली. मी वहीतले ऑर्डर क्रमांक, कुरिअरची परतीची यादी आणि जाहिरातीचे कीवर्ड हे तिन्ही एका एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडले, आणि ज्या कीवर्डची मी सर्वांत कमी खर्चात ऑर्डर आणणारा म्हणून पाठ थोपटत होते, ज्यात 'सस्ता' हा शब्द होता, त्याचीच पार्सले सर्वाधिक परत येत होती. ऑर्डर क्रमांकाच्या आधारे नोंदलेले कन्व्हर्जन मागे घेण्याची सोय गुगल ॲड्समध्ये आहे. ती मी आता दर महिन्याला वापरते, म्हणजे यंत्रणा निदान परत आलेल्या पार्सलांवरून शिकत नाही. घरपोच पैशाच्या ऑर्डरीला ४० रुपये आगाऊ घेणे सुरू केले, तेव्हा अशा ऑर्डरी घटल्या आणि परत येणारी पार्सले त्याहून जास्त घटली.

पाककृती शोधणाऱ्यांविषयी एक सांगायचे राहिले. त्यांच्यासाठी क्लिकचे पैसे मोजायचे नाहीत हे ठरले, पण त्यांची संख्या एवढी मोठी होती की सोडवेना. त्यांच्यासाठी जाहिरात न देता संकेतस्थळावरच एक पान लिहावे असे मनात आले. सासूबाईंचा आधी विरोध होता, मग त्यांनी तोड काढली, "मसाल्याचं माप सांगाचं नाही. रस्सा कसा कराचा ते सांग." त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले: कांदा किती भाजायचा, ज्वारीचे पीठ केव्हा लावायचे, तर्री वर येईपर्यंत झाकण का उघडायचे नाही. चार महिने त्या पानाकडे कोणी फिरकले नाही. पाचव्या महिन्यापासून, आपले पान कोणत्या शोधांत दिसते ते सांगणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्याचे शोध दिसायला लागले, सरासरी क्रमांक तिसऱ्या पानावरून हळूहळू पहिल्या पानाच्या तळाशी आला, आणि 'ज्वारीचे पीठ' हा शब्द घालून शोधणारे जवळजवळ सगळे आमच्याकडेच येऊ लागले. फोटो लग्नाच्या फोटोग्राफरकडून काढलेले, एकेक चार एमबीचे, ते लहान केल्यावर पानही झटकन उघडू लागले.

जुन्या ॲनालिटिक्समध्ये हे पान असते तर मी ते काढून टाकले असते. तिथे एकच पान बघून गेलेला माणूस, मग तो वीस मिनिटे का थांबेना, बाउन्समध्ये, म्हणजे आल्या पावली परत गेलेल्यांत, गणला जाई. आणि पाककृती वाचणारा माणूस एकच पान उघडतो, फोन ओट्यावर ठेवतो आणि कांदा भाजायला लागतो. नव्या पद्धतीत १० सेकंदांहून अधिक वेळ थांबलेली भेट गुंतलेली भेट धरली जाते, त्यामुळे हे पान आमचे सर्वांत चांगले पान म्हणून वर आले. तिथून येणाऱ्या ऑर्डरी संख्येने थोड्या आहेत, पण त्यांची पार्सले जवळपास परत येत नाहीत.

आता सोमवारी सकाळी सासूबाई मिरच्यांची देठे खुडत बसतात आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन सर्च टर्म्सचा अहवाल उघडते. "या हप्त्यात काय शोधलं लोकायनं?" असे त्या विचारतात आणि मी वाचून दाखवते, कोणता शब्द अडवायचा आणि कोणता ठेवायचा हे पुष्कळदा त्याच ठरवतात. मागच्या सोमवारी यादीत 'कमी तिखट सावजी मसाला' असा शोध होता, एकदा नव्हे, अकरा वेळा, बहुतेक पुणे आणि बंगळुरूहून. मी म्हटले, याचे वेगळे पाकीट काढून पाहू या का. त्यांनी हातातली मिरची परातीत टाकली आणि म्हणाल्या, "तिखट कमी असन तं तो सावजी कायचा?" तो शब्द मी अजून निगेटिव्हच्या यादीत घातलेला नाही, आणि कीवर्ड म्हणूनही घेतलेला नाही.